‘माझ्यानंतर’ हा शब्द घरात येऊ द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्नी ३४ वर्षांची आहे. स्तनाचा कर्करोग आता यकृतात आणि हाडांत पसरला आहे. बरं करणारा उपचार उरलेला नाही, हाताशी काही महिने आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या चर्चची मंडळी उपास-प्रार्थना करते आहे. मंडळीतले काही वडीलधारे म्हणतात, मरणाची भाषा करणं म्हणजे अविश्वास. एका रात्री पत्नी म्हणाली, ‘माझ्यानंतर हिची वेणी कोण घालणार?’ मी म्हणालो, ‘असं बोलू नकोस, प्रभू बरं करील.’ त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. माझ्या आईला मॉर्फिनची धास्ती आहे. मुलांना अजून काहीच सांगितलेलं नाही. काय करू?

प्रिय बंधू,

वेणीपासूनच सुरुवात करू. तो खरोखर वेणीचाच प्रश्न होता. मरण समोर दिसणाऱ्या आईला असेच प्रश्न पडतात: केस कोण विंचरणार, तापात रात्री उशाशी कोण बसणार, शाळेच्या वहीवर सही कोण करणार. तुम्ही उत्तर दिलंत ते प्रेमाने आणि घाबरून. तिला मात्र एवढंच कळलं की हा विषय नवऱ्याला पेलवत नाही. म्हणून ती आता एकटीच तो वागवते आहे. तुमच्या घरातली ही पहिली दुखरी जागा आहे, आणि तिच्यावर इलाज तुमच्या हातात आहे.

आधी विश्वासाचा प्रश्न सोडवू, कारण तो सुटल्याशिवाय पुढचं काही तुमच्याने होणार नाही. बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा २०वा अध्याय काढा. हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. यशया संदेष्टा येऊन त्याला सांगतो, घराची व्यवस्था लाव, तू मरणार आहेस. हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, आणि त्याला १५ वर्षं वाढवून मिळतात. शिवाय त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलं जातं. घराची व्यवस्था, रडणं, प्रार्थना आणि औषध, सगळं एकाच अध्यायात आहे आणि एकाने दुसऱ्याचा अपमान होत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, १९:२६-२७ मध्ये, प्रभू येशू वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावतो, तिला शिष्याच्या हवाली करतो. आपल्यामागे घरच्यांचं काय, हे ठरवणं अविश्वास असेल, तर हा उतारा कुठे ठेवायचा, असं त्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारा. वाद घालू नका, नुसतं विचारा.

आरोग्यासाठीची प्रार्थना थांबवू नका. फक्त येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचे दोन्ही भाग म्हणा, ‘हा प्याला टळू दे’ही आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ही. पुष्कळ घरांत पहिलाच भाग मोठ्याने म्हटला जातो आणि आजारी माणसावर एक नवं ओझं पडतं: मी बरी झाले नाही, तर माझा विश्वास कमी पडला असं ठरणार. तिच्या खोलीत प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाला आधी हे सांगून ठेवा. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही, आणि त्याच्या विश्वासावर कुणी बोट ठेवलं नाही.

आता तिच्याशी बोलणं. मध्यरात्रीची वेळ नको. औषधाचा डोस घेतल्यावर साधारण तासाभराने वेदना उतरलेली असते, ती वेळ धरा. मुलं घरात नसताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दारात उभं न राहता तिच्या उंचीवर बसा आणि म्हणा, ‘त्या रात्री तू वेणीचं विचारलंस आणि मी तुला गप्प केलं. मी घाबरलो होतो. आता बोल, मी ऐकतो.’ आणि खरंच गप्प बसा. ती लगेच बोलणार नाही. त्या शांततेत काहीतरी चांगलं बोलून टाकायची ऊर्मी येईल, ती गिळा. ती म्हणाली ‘आज नको’, तर ‘बरं, तुला वाटेल तेव्हा’ म्हणून तिथेच सोडा.

इथे एक चूक हमखास होते: भरात दिलेली वचनं. ‘मी कधीच दुसरं लग्न करणार नाही’, ‘मुलांना सावत्र आई येऊ देणार नाही’, असलं काही कबूल करू नका. हा विषय बहुतेक तीच काढेल, कधी परवानगी देण्यासाठी, कधी रागाने. खरं उत्तर एवढंच: ‘त्याचा मला आत्ता विचारही करवत नाही. पण मुलांना कसं वाढवायचं ते तू मला सांगून ठेव.’ ती चिडली, देवावर चिडली, तरी सावरायला धावू नका. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही दिलासा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

वेदनेकडे वळू, कारण अंग ठणकत असताना कोण बोलणार? डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या सेवेची, टीम आजपासून जोडता येईल का?’ हे शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचं काम नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचं मन जास्त स्थिर राहिलं, शेवटी त्यांच्यावर त्रासदायक उपचारही कमी झाले आणि इतरांपेक्षा ते सरासरी अडीच महिन्यांहून थोडे अधिकच जगले. हा आजार वेगळा आहे, तेव्हा हा आकडा तुमच्या पत्नीला लावू नका. मुद्दा इतकाच, की ही सेवा घेणं म्हणजे हात टेकणं नाही.

आईंच्या धास्तीबद्दल. योग्य मात्रेत, वेदनेच्या मापाने दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी ते घेणारा माणूस व्यसनी होणं विरळा. शरीराला त्याची सवय लागते, म्हणून ते अचानक तोडायचं नसतं. सवय वेगळी, व्यसन वेगळं. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहाची, सुरुवात करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं, आणि वेदना उसळायची वाट न बघता मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. आईंना हे सांगा. डॉक्टरांपेक्षा कधीकधी असंच पटतं.

घड्याळाप्रमाणे म्हणजे कसं? लवकर विरघळणारं मॉर्फिन साधारण दर ४ तासांनी देतात. ‘दुखलं की देऊ’ ही पद्धत इथे फसते, कारण वेदना एकदा वर चढली की तिला खाली आणायला जास्त औषध लागतं. मधेच उसळी आली तर द्यायचा जादा डोस दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढा असतो. समजा दर ४ तासांनी १० मिलिग्रॅम चालू आहे, म्हणजे दिवसाचे ६०, तर जादा डोस १०. आकडा डॉक्टरच ठरवतील, पण हा हिशेब तुम्हाला समजलेला असावा. एक वही करा: वेळ, डोस, वेदना ० ते १० मध्ये किती, जादा डोस किती वेळा. जादा डोस दिवसातून तीन-चारदा लागू लागला तर नेहमीची मात्रा वाढवायची वेळ आली आहे, हे ती वहीच डॉक्टरांना सांगते. हळूहळू औषध सोडत दिवसभर चालणाऱ्या गोळ्या कुटून किंवा चावून कधीही देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. कातडीवर वेदनाशामक औषधाची पट्टी लावली असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, त्यानेही औषध नको इतक्या वेगाने अंगात उतरतं.

पहिले काही दिवस मळमळ आणि झोप येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून रेचक सुरू हवं, आणि तेही आतड्याला चालना देणारं. नुसतं इसबगोल देऊ नका. कमी पाणी पिणाऱ्या माणसात त्याने मल आणखी घट्ट बसतो. मॉर्फिन नको म्हणणारे बरेच रुग्ण खरं तर पोटाला कंटाळलेले असतात आणि लाजेने सांगत नाहीत. झटके किंवा अंग उडणं, नको इतकी गुंगी, भास, असं काही दिसलं तर लगेच कळवा. मूत्रपिंडं मंदावली की औषध साचतं.

आजार हाडांत आहे म्हणून दोन गोष्टी पाठ करून ठेवा. पाठीत नवं, झोपल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं दुखणं, पायांत कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी अडणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो, आणि माणूस चालता असताना उपचार झाला तर चालणं वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. दुसरं, खूप तहान, बद्धकोष्ठ, गुंगी आणि बरळणं एकत्र आलं तर ‘शेवट जवळ आला’ असं धरू नका. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं आणि त्यावर उपचार आहे. एखादंच हाड फार दुखत असेल तर त्या जागी एकाच बैठकीचा किरणोपचार देता येतो का, तेही विचारा. गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा उशीर करू नका.

मुलांना आता सांगा. त्यांना कळलेलं आहेच. घरातली कुजबुज मुलांना सगळ्यांच्या आधी ऐकू येते, आणि जे सांगितलं जात नाही ते मूल स्वतःच्या मनाने भरून काढतं; बहुधा सत्यापेक्षा भयंकर. शक्यतो तुम्ही दोघांनी मिळून सांगा, सकाळी किंवा दुपारी, झोपायच्या आधी नको. आजाराला त्याच्या नावाने बोला. ‘आईला कर्करोग झाला आहे. डॉक्टरांनी खूप औषधं दिली. आता ती औषधं पुरी पडत नाहीत. आई यातून बरी होणार नाही, ती मरणार आहे असं डॉक्टरांना वाटतं. आज ती आपल्याजवळ आहे.’ बस. प्रश्न येतील तितकंच पुढे जा.

विचारलं नाही तरी मुलांच्या मनात तीन प्रश्न असतात: माझ्यामुळे झालं का, मला होईल का, मला कोण सांभाळणार. तिन्हींची उत्तरं आपणहून द्या. तिसऱ्याचं उत्तर नेमकं हवं: शाळेतून कोण आणणार, रात्री शेजारी कोण झोपणार.

चार वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे कळत नाही. ‘आई स्वर्गात जाणार’ एवढंच सांगितलंत तर तो विचारील, ‘परत कधी येणार?’ म्हणून आधी शरीराचं सांगा: मेल्यावर श्वास थांबतो, भूक लागत नाही, दुखत नाही, आणि माणूस पुन्हा घरी येत नाही. मग पुनरुत्थानाची आशा सांगा. क्रम उलटा झाला की मूल दाराकडे डोळे लावून बसतं. हेच त्याला दहा-वीस वेळा सांगावं लागेल आणि तो ऐकून लगेच खेळायला पळेल, तसंच असतं. ‘झोपली’ म्हणू नका, मूल झोपायला घाबरू लागतं. आणि ‘देवाला आई आवडली म्हणून त्याने नेली’ हे कृपा करून कुणालाही म्हणू देऊ नका. मुलाच्या कानाला तो देव चोर वाटतो, आणि पुढची पाळी बाबांची की माझी, हा हिशेब सुरू होतो.

मुलीसाठी एक वेगळी काळजी. ती रोज रात्री ‘आईला बरं कर’ म्हणत असेल, तर आई गेल्यावर तिला वाटणार, माझी प्रार्थना कमी पडली, त्या दिवशी मी म्हणायला विसरले होते. ही गाठ आधीच सोडवा: ‘तुझी प्रार्थना देवाने ऐकली. तुझ्या प्रार्थनेत काही उणं नव्हतं. आई जाईल ती आजारामुळे.’ तिला मागणीबरोबर दुसरंही काही म्हणायला शिकवा: आईला आज कमी दुखू दे, आज आई हसली त्याबद्दल आभार. वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. आणि तिच्यापुढे रडायला लाजू नका. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे माहीत असूनही येशू रडला होता.

पत्रं आणि आठवणी. बऱ्याच आया मुलं १८ वर्षांची होईपर्यंत दर वाढदिवसाला एक, असा बेत करतात. तुमच्या घरी तो २३ पत्रांचा होतो: मुलीची नऊ, मुलाची चौदा. तिसऱ्या-चौथ्या पत्रापाशी शक्ती संपते आणि उरलेली टोचणी होऊन बसतात. आधी प्रत्येकाला एक, पुरं, सही आणि तारखेसह. मग जमेल तसं वाढवा. एका बैठकीला १५ मिनिटं पुरे. लिहवत नसेल तर तिने बोलावं, तुम्ही फोनवर ध्वनिमुद्रण करा. मजकुरात उपदेश कमी आणि माहिती जास्त हवी: तू जन्मलास त्या दिवशी काय झालं, तुझं नाव असं का ठेवलं, तू कशाला हसायचास, मी तुझ्या वयाची असताना कशाला घाबरायचे. ‘तू डॉक्टर हो’सारखं काही नको, गेलेल्या आईची आज्ञा मोडणं मुलाला आयुष्यभर जमत नाही. आवाज मात्र साधा साठवा: मुलाला हाक मारणं, लटकं रागावणं, रात्रीची प्रार्थना, अंगाई. चार वर्षांच्या मुलाला चेहरा फोटोत सापडेल. आवाज कुठून आणणार? प्रत्येक फाईलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. तिच्या बायबलमध्ये आवडत्या वचनांखाली तिच्या हातच्या रेघा आणि तारखा असू द्या.

त्याच दिवसांत कागदही उरका: इच्छापत्र, बँकेतलं नामनिर्देशन, पासवर्ड. आणि एक लेखी टिपण, की श्वास थांबला तर कृत्रिम श्वासयंत्र हवं की नको, शेवट घरी हवा की रुग्णालयात, ती बोलू शकली नाही तर कोणी ठरवायचं. हे मुलांच्या आजीलाही माहीत असू द्या. नाहीतर ऐन वेळी घरात भांडण होतं आणि जिचं मत मोजायचं ती बेशुद्ध असते.

मंडळीला काम द्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही कधीच सांगणार नाही, म्हणून एका व्यक्तीच्या हाती यादी ठेवा: मुलांना शाळेतून आणणं, कपडे, औषधं, आठवड्यात दोन रात्री तुम्हाला सलग झोप. भेटी १५ मिनिटांच्या, त्या व्यक्तीला विचारूनच. नवे उपचार, बऱ्या झालेल्या माणसांच्या साक्षी आणि ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ हे दाराबाहेर. बायबलमधल्या, दुःखाने कोसळलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले होते. बिघडलं ते त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर. पाळकांना याकोबाच्या पत्रातल्या ५:१४ प्रमाणे तेल लावून प्रार्थना करायला बोलवा, आणि तेही ती शुद्धीत असताना, तिला हवं तेव्हा. तुम्ही कॅथलिक असाल तर आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार अखेरच्या घटकेचा नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच स्पष्ट केलं आहे. फादरना लवकर बोलवा.

शेवटचे दिवस कसे दिसतात ते माहीत असलं की रात्री दोन वाजता घाबरगुंडी उडत नाही. ती बहुतेक वेळ झोपेल. खाणं थांबेल. उपासमारीने माणूस मरतो आहे असं वाटेल, पण शरीर मिटत चाललेलं असतं म्हणून भूक गेलेली असते. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईनचा आग्रह धरला तर पाणी अंगात आणि छातीत साचू शकतं. तोंड मात्र दर दोन तासांनी मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने पुसा, ओठांना मलम लावा, कूस बदला. धाप लागली तर पाठीशी उशा लावून बसतं करा, छोटा पंखा चेहऱ्यावर सोडा. मॉर्फिनच्या थोड्या मात्रेनेही धाप हलकी होते. हातपाय गार आणि जांभळट होतील. श्वास थांबून थांबून येईल, मधे अर्धा मिनिटही जाईल. घशात घरघर होईल. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, तिला स्वतःला बहुधा जाणवत नसते. कुशीवर वळवा. गिळणं बंद झाल्यावर औषध जिभेखालून की कातडीखालच्या सुईने द्यायचं, ते आधीच विचारून घरात आणून ठेवा, आणि रात्री फोन कोणाला करायचा तो क्रमांक दारामागे लावा. तिला ऐकू येत असेल असं धरून बोला. २३वं, १२१वं स्तोत्र, हलक्या आवाजात एखादं गीत. मुलांना खोलीत यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. प्रत्येक मुलाजवळ एक मोठं माणूस असावं, जे त्याच्याबरोबर कधीही बाहेर जाऊ शकेल. ते माणूस तुम्ही नसावं, तुम्ही तिच्याजवळ.

हे सगळं आजच्या आज करायचं नाही. आज संध्याकाळी, डोस लागू झाल्यावर, मुलीला पलंगाच्या कडेला बसवा, कंगवा तुमच्या हातात घ्या आणि पत्नीला म्हणा, ‘शिकव मला.’ गुंता टोकापासून सोडवत वर जायचं. मुळापासून ओढलं तर सगळा गुंता खाली जाऊन घट्ट बसतो आणि पोरगी किंचाळते. केसांचे तीन सारखे पेड करायचे. पहिल्या दोन-तीन वेण्या सैल पडतील, शाळेत पोचेपर्यंत सुटतील. कुठे घट्ट धरायचं ते ती तुमच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवील.